जुनी आलिशान मोटार आणि रोजची वाट

लासूर आणि लासूर स्टेशन हीं नांवें ऐकण्यास जवळजवळ एकच वाटलीं, तरी त्या दोन वस्त्यांचे स्वभाव निराळे आहेत. लासूर हें शिवना नदीकांठचें जुनें गांव. दाक्षायणी देवीचें ठाणें म्हणून तें पंचक्रोशीला ठाऊक आहे. लासूर स्टेशन ही वस्ती मात्र आगगाडीनें जन्मास घातली. विसाव्या शतकाच्या आरंभीं निजामाच्या राज्यांतून मनमाडकडे जाणारी मीटर-गेज रेल्वे सुरू झाली, तिच्या एका थांब्याभोंवतीं आडती, वखारी आणि दुकानें उभीं राहिलीं, आणि गंगापूर तालुक्यांतील कापूस, कांदा व धान्य यांची ती एक पेठ होऊन बसली. ज्या वस्तीच्या नांवांतच स्टेशन आहे, तेथील मनुष्यास वाहनाची चिंता जन्मापासून चिकटलेली असावी यांत नवल नाहीं. शहर चाळीसएक किलोमीटरांवर. कारखाने, महाविद्यालयें, कचेऱ्या आणि मोठीं रुग्णालयें सर्व तिकडेच.

रोज सकाळीं शहराकडे जाणाऱ्यांचे तेथें तीन-चार वर्ग पडतात. कोणी रेल्वेचा मासिक पास काढतो, कोणी एस.टी.ची वाट पाहतो, तरुण मंडळी मोटारसायकलीवर विसंबतात, आणि ज्यांच्या संसारास थोडी बरकत आली आहे ते मोटारीचा विचार करूं लागतात. अशाच एका गृहस्थाची श्रोत्यांनीं कल्पना करावी. वडिलांनीं जन्मभर आडतीचा धंदा केलेला. स्वतः शहरांतील एका कारखान्यांत जबाबदारीच्या जागेवर. घरांत वृद्ध आई-वडील, पत्नी, आणि बारावीच्या वर्गांत असलेली मुलगी. गांठीस आठ लाख रुपये शिल्लक. नव्या बऱ्या गाडीची किंमत ऐकून हा गृहस्थ थबकतो. आणि त्याच सुमारास जुन्या मोटारींच्या एका दुकानांत त्याच्या दृष्टीस एक काळी मर्सिडीज पडते. नवी असतां चाळीस लाखांच्या घरांतली ती गाडी आज बरोबर आठ लाखांस मिळत असते. आंतील कातडी बैठक अजून मऊ आहे, दार लावतांना होणारा आवाज अजून भारदस्त आहे, आणि विक्रेता अगत्यानें चहा पाजतो आहे. गृहस्थाची झोंप त्या रात्रीं उडते. त्याची ती झोंप त्यास परत मिळवून देणें, एवढाच या विवेचनाचा हेतु आहे.

अशा मोहाला हंसणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. मोटार हें वाहन तर आहेच, पण तें पायरीहि आहे. ज्याच्या वडिलांनीं कापसाच्या गाड्यांमागें पायीं चालून पेठ गांठली, त्याच्या दारांत उत्तम मोटार उभी राहावी ही इच्छा केवळ दिमाखाची नसते. तींत कृतज्ञतेचाहि भाग असतो. वैभवाची मोटार आणि नित्याची मोटार हा भेद मात्र फार जुना आहे. ज्या निजामाच्या राज्यांत १९४८ सालापर्यंत हा प्रदेश होता, त्या निजामाच्या घराण्यासाठीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभीं रोल्स-रॉइस कंपनीची एक सिंहासनवजा मोटार तयार झाली होती. ती समारंभापुरती बाहेर पडे, आणि तिनें उभ्या आयुष्यांत फारच थोडे मैल तोडले. हैदराबादच्या निजामास तें परवडे. कारण त्यास तिच्यांत बसून सकाळच्या पाळीला कारखान्यांत पोंचावयाचें नव्हतें.

मराठवाड्याच्या या भागाला आलिशान मोटारींचा शेजार मात्र विशेष लाभलेला आहे. तेव्हांच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगर शहराजवळ, शेंद्रा औद्योगिक वसाहतींत २००१ सालीं स्कोडा कंपनीचा कारखाना सुरू झाला. ऑक्टेव्हिया ही तिची पहिली गाडी. पुढें २००७ पासून त्याच कारखान्यांत ऑडी गाड्यांची जुळणी होऊं लागली. म्हणजे ज्या गाड्या इतरत्र केवळ चित्रांत दिसत, त्या येथील कामगारांच्या हातांखालून जात होत्या. त्यानंतर २०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत जी घटना घडली, तिनें हें शहर देशभर गाजलें. शहरांतील उद्योजक, व्यापारी, डॉक्टर अशा मंडळींनीं एकत्र येऊन एकदम दीडशें मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या. सौदा सुमारें पासष्ट कोटी रुपयांचा होता, आणि भारतीय स्टेट बँकेनें त्यासाठीं सुमारें सात टक्के व्याजानें मोठें कर्ज दिलें. मुंबई-पुण्याच्या लोकांना या नगरीची श्रीमंती दिसावी, कारखानदारांचें लक्ष इकडे वळावें, असा त्यामागें उद्देश होता.

या प्रसंगांतील एक गोष्ट सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं. त्या दीडशें जणांनीं गाड्या नव्या घेतल्या, एकत्र घेतल्या, आणि घासाघीस करून घेतल्या. किंमत, व्याज आणि कंपनीची हमी या तिन्ही बाबतींत त्यांचा हात वर होता. आज त्याच पिढीची गाडी तिसऱ्या किंवा चवथ्या धन्याच्या हातीं येते, तेव्हां या तिन्ही सवलती कधींच संपलेल्या असतात. सरासरी काढली तर त्या सौद्यांत एका गाडीला त्रेचाळीस लाखांहून थोडे अधिक पडले. त्यांतील पस्तीस लाख पंधरा वर्षांत विरघळून गेले, आणि ते सोसले पहिल्या-दुसऱ्या धन्यानें. जुनी गाडी घेणारास हें वरदान वाटतें; आणि एका अर्थीं तें आहेहि.

पण वरदानाची दुसरी बाजू अशी, कीं गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. आठ लाखांच्या जुन्या मर्सिडीजला जो हेडलाइट लागतो, तो आठ लाखांच्या गाडीचा नसतो. तो चाळीस लाखांच्या गाडीचा असतो. ज्या फिटरास तिचें पोट उघडतां येतें, त्याची मजुरीहि चाळीस लाखांच्या हिशेबानेंच ठरलेली असते. आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी म्हण आहे. जुन्या आलिशान मोटारीच्या बाबतींत ती शब्दशः खरी ठरते. म्हणून किंमत किती कमी आहे हा प्रश्न पहिला नव्हेच. ती कां कमी आहे, आणि वर्षाकाठीं काय लागेल, हे दोन प्रश्न आधीं विचारले पाहिजेत.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळावें. या किंमतींत गृहस्थापुढें साधारणतः चार तऱ्हेच्या गाड्या येतात. पहिली अर्थातच मर्सिडीजची ई-क्लास, २००९ सालीं निघालेल्या पिढीची, डिझेल इंजिनाची. बैठक उत्तम, लांबच्या वाटेवर अंग दुखत नाहीं, आणि तिचा गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टर जातीचा, म्हणजे वेळेवर तेल बदललें तर दीर्घकाळ टिकणारा. मात्र विकत घेतेवेळीं ती पोलादी स्प्रिंगांची आहे कीं हवेच्या सस्पेन्शनची, हें वांकून पाहावें. हवेच्या सस्पेन्शनमध्यें स्प्रिंगऐवजीं रबरी पिशव्या असतात. रबराला वय असतें. त्याला बारीक चिरा पडल्या कीं हवा झिरपते, ती भरून काढण्यास कॉम्प्रेसर अखंड धापा टाकतो, आणि शेवटीं तोहि जातो. रात्रीं सरळ उभी केलेली गाडी सकाळीं एका कोपऱ्यावर बसलेली दिसली, तर तिच्याकडे पाठ फिरवावी हें बरें.

दुसरी बी.एम.डब्ल्यू.ची ३ सिरीज. चालविण्याचा आनंद हिच्यासारखा क्वचितच दुसरींत मिळेल. आणि नेमका तोच तिचा धोका. २००७ नंतरच्या तिच्या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगास, गिअरबॉक्साच्या बाजूला बसविलेली असते. ई-क्लासच्या त्या काळांतील चार सिलिंडरी डिझेल इंजिनांतहि तीच रचना आहे. चेन सैल झाली कीं घासल्यासारखा आवाज येतो; ती बदलण्यासाठीं समोरून हात पोंचत नाहीं, बहुधा इंजिनच खालीं उतरावें लागतें. बी.एम.डब्ल्यू.ला पुष्कळदां रन-फ्लॅट टायर असतात. पंक्चर झालें तरी ताशीं ऐंशी किलोमीटरांच्या आंत राहून सुमारें ऐंशी किलोमीटर जातां येतें, म्हणून जादा चाक दिलेलें नसतें. लासूर स्टेशनहून शहरापर्यंत जाऊन येणें तेवढेंच आहे, हा योग चांगला; पण पुढें तो टायर पंक्चरच्या टपरीवर दुरुस्त करून भागत नाहीं, नवाच घ्यावा लागतो.

तिसरी शेंद्र्याची शेजारीण, स्कोडाची सुपर्ब, २००९ सालीं आलेली. मागें पाय पसरून बसण्यास एवढी जागा दुप्पट किंमतीच्या गाडींतहि मिळत नाहीं. हिच्यांत पारख करावयाची ती गिअरबॉक्साची. डिझेल सुपर्बचा सहा गिअरांचा डी.एस.जी. तेलांत बुडालेल्या क्लचचा असतो, पेट्रोल १.८ इंजिनाबरोबरचा सात गिअरांचा बहुधा कोरड्या क्लचचा. शहराच्या गर्दींत रांगत चालतांना कोरडा क्लच तापतो, त्याचें नियंत्रण करणारा मेकॅट्रॉनिक नांवाचा भाग बिघडतो, आणि तो एक भाग बदलण्याचें बिल साध्या गाडीच्या वर्षभराच्या देखभालीस पुरून उरतें. रांगत्या रहदारींत गाडी आचके देते काय, हें त्यासाठींच पाहावें. २०१५ सालीं फोक्सवॅगन समूहाच्या डिझेल इंजिनांतील धूर-तपासणीची लबाडी उघडकीस आली, आणि भारतांतहि त्या समूहाच्या तीन लाखांहून अधिक गाड्या सुधारणेसाठीं परत बोलाविण्याचें जाहीर झालें. डिझेल सुपर्ब त्या काळांतील असेल, तर ती सुधारणा झाल्याची नोंद मागावी. ऑडी ए-फोर ही याच कुळांतली. तिला सुपर्बचे बहुतेक गुण-दोष लागू पडतात, मात्र मागची जागा थोडी आणि बिल मोठें.

चवथी तऱ्हा जपानी : होंडाची अकॉर्ड किंवा टोयोटाची कॅमरी, पेट्रोल इंजिनाची. हिच्याकडे पाहून शेजारी थबकत नाहींत. इंजिनाला टर्बो नाहीं, सस्पेन्शनला हवा नाहीं, गिअरबॉक्स जुन्या विश्वासू धाटणीचा. बिघडण्यासारखें जितकें कमी, तितकें बिघडतें कमी, हा यंत्रशास्त्रांतील सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित नियम हिच्या बाजूस आहे. पेट्रोल मात्र ही गाडी मन लावून पिते. आणि येथें आजकालचा एक नवा मुद्दा येतो. २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें. मराठवाड्यांतील उसालाच त्यामुळें भाव आला हें खरें; परंतु वीस टक्के इथेनॉलला अनुकूल अशा गाड्या येथें प्रायः २०२३ नंतर निघूं लागल्या. पंधरा वर्षांपूर्वींच्या पेट्रोल गाडीचे रबरी होज आणि सील त्या मिश्रणासाठीं घडविलेले नाहींत, आणि लिटरमागें थोडें अंतरहि कमी पडतें. पेट्रोल गाडी घेणारानें हे रबरी भाग तपासून, जुने झाले असल्यास प्रथमच बदलून घ्यावे.

आतां हिशेब. गृहस्थ महिन्यास पंचवीस दिवस जातो, रोजचे येऊन-जाऊन ऐंशी किलोमीटर, म्हणजे वर्षाचे चोवीस हजार. डिझेल लिटरला नव्वद रुपये आणि पेट्रोल एकशें पांच रुपये धरावें. आंकडे हे हिशेबाच्या सोयीसाठीं घेतले आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवचे घालून ते पडताळावे.

जुन्या डिझेल मर्सिडीजसाठीं आठ लाख घातले, आणि चार वर्षांनीं ती चार लाखांस गेली, तर घसारा वर्षाला एक लाख. तेच आठ लाख सात टक्क्यांच्या ठेवींत राहिले असते, तर व्याज आलें असतें छप्पन्न हजार, तें बुडालें. लिटरला बारा किलोमीटर धरल्यास डिझेल एक लाख ऐंशी हजारांचें. विमा पंचवीस हजार. चार टायरांचे अठ्ठेचाळीस हजार, ते चाळीस हजार किलोमीटर चालले तर वर्षाच्या वांट्यास एकोणतीस हजार. नित्याची सर्व्हिसिंग चाळीस हजार. आणि ज्याला बहुतेक लोक हिशेबांतच धरीत नाहींत, तो मोठ्या दुरुस्तीचा राखीव निधि वर्षाला एक लाख. बेरीज पांच लाख तीस हजार. किलोमीटरला बावीस रुपये; कामाच्या प्रत्येक दिवसाला सुमारें सतराशें सदुसष्ट.

जुनी जपानी पेट्रोल गाडी चार लाखांस घेतली, आणि चार वर्षांनीं दोन लाखांस विकली, तर घसारा पन्नास हजार, व्याज अठ्ठावीस हजार, पेट्रोल लिटरला दहा किलोमीटरप्रमाणें दोन लाख बावन्न हजार, विमा अठरा, टायर एकोणीस, सर्व्हिसिंग पंचवीस, आणि राखीव चाळीस हजार. बेरीज चार लाख बत्तीस हजार, म्हणजे किलोमीटरला अठरा रुपये. गंमत अशी, कीं येथें पेट्रोल हीच मुख्य रक्कम आहे. ती आधीं कळते, थोडी थोडी द्यावी लागते, आणि कोणत्याहि रात्रीं एकदम अंगावर येत नाहीं.

चार लाखांचीच एक साधी, लहान, चार-पांच वर्षें वापरलेली पेट्रोल गाडी घेतली तर? घसारा व व्याज मिळून अठ्ठ्याहत्तर हजार. लिटरला अठरा किलोमीटरांनीं पेट्रोल एक लाख चाळीस हजार. विमा बारा, टायर अकरा, सर्व्हिसिंग पंधरा, राखीव वीस हजार. बेरीज दोन लाख शहात्तर हजार. किलोमीटरला साडेअकरा रुपये. मर्सिडीज आणि ही लहान गाडी यांच्या वर्षाच्या खर्चांत अंतर दोन लाख चोपन्न हजारांचें. चार वर्षांत तें दहा लाख सोळा हजारांवर जातें, म्हणजे मर्सिडीजच्या मूळ किंमतीहूनहि अधिक. गृहस्थ आठ लाखांची गाडी घेतो आहे असें मानतो. खरोखरी तो चार वर्षांत एकवीस लाख वीस हजारांचा खर्च घेतो आहे. रेल्वेच्या पासाची तुलना तर या कोष्टकांत करणेंच अवघड, इतका तो स्वस्त. पण गाडी आपल्या वेळेला येत नाहीं, आणि स्टेशनपासून कारखान्यापर्यंतचा रस्ता उरतोच, हें तितकेंच खरें.

पैशांच्या हिशेबाइतकाच कागदांचा हिशेब महत्त्वाचा आहे. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यानें पंधरा वर्षांची असते. त्यानंतर परिवहन कार्यालयांत तपासणी होऊन तिचें नूतनीकरण पांच-पांच वर्षांसाठीं होतें. पूर्वीं सहाशें रुपये असलेली या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून पांच हजार रुपये झाली, आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठीं २०२५ सालीं ती आणखी वाढली. शिवाय पर्यावरण कर निराळा. २०१० सालची गाडी आज घेणें म्हणजे या उंबरठ्यावरच तिचा हात धरणें होय. विम्याच्या बाबतींत पंधराशें सी.सी.वरील इंजिनाला केवळ तिसऱ्या पक्षाचा हप्ताच २०२२ सालीं ठरलेल्या दरानें ७,८९७ रुपये आहे, हजार सी.सी.च्या आंतील गाडीला तोच २,०९४ रुपये. आणि जुन्या गाडीला घसारा न कापतां पूर्ण भरपाई देणारा विमा बहुधा मिळत नाहीं. म्हणजे बंपर फुटला तर विमा कंपनी त्याच्या अर्ध्याकडे बोट दाखविते.

बाजारांतील पुष्कळ स्वस्त आलिशान गाड्या दिल्लीकडून आलेल्या असतात. राजधानीच्या परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें निर्बंध घातला, आणि २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला. २०२५ सालीं त्याच न्यायालयानें त्या अंमलबजावणीस कांहीं आवर घातला. पण मधल्या वर्षांत हजारों गाड्या ना-हरकत दाखले घेऊन इतर राज्यांत पांगल्या. अशी गाडी एम.एच. २० या आपल्या नोंदणींत आणावयाची तर मूळ कार्यालयाचा दाखला, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद, आणि महाराष्ट्राचा मोटार-कर हीं तिन्ही लागतात. दुसऱ्या राज्याच्या क्रमांकावर येथें बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवतां येत नाहीं. विक्रेता हें सर्व ‘नंतर होऊन जाईल’ असें म्हणत असेल, तर पैसेहि नंतर देण्याची तयारी दाखवावी. उत्तर तत्काळ मिळतें.

तपासणीसंबंधीं थोडेंच सांगणें पुरे. गाडी पाहण्यास सकाळीं, इंजिन थंड असतां जावें. विक्रेत्यानें ती आधींच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशीं जावें. पहिल्या मिनिटांतील आवाज आणि धूर हे तिचे खरे साक्षीदार. बैठकीखालचे लोखंडी रूळ आणि गालिच्याखालची जमीन हातानें चांचपावी. तेथें गंज किंवा बारीक गाळ आढळला, तर ती पुरांतून निघालेली समजावी. २०१५ सालीं चेन्नईच्या आणि २०१९ सालीं सांगली-कोल्हापूरच्या महापुरांत अशा कित्येक गाड्या बुडाल्या. सर्व्हिसच्या नोंदी मागाव्या. किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो, पण नोंदींचा कागद सहसा मागें फिरत नाहीं. एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून स्कॅनर लावून दोषांची यादी काढावी. दोन-चार हजारांचा हा खर्च दोन-चार लाख वांचवितो. आणि टायरांच्या कडेवरील शेवटचे चार आंकडे वाचावे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जिल्ह्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला, आणि तेथें ताशीं एकशेंवीस किलोमीटरांची मोकळीक आहे. सहा-सात वर्षांचा टायर, त्याची नक्षी कितीहि शाबूत दिसो, त्या वेगाच्या उन्हाळ्यांत फुटण्याची भीति असते. आलिशान गाडींतील शांतता वेग जाणवूं देत नाहीं, म्हणून हा इशारा तिच्या धन्यासाठीं दुप्पट.

मग त्या लासूर स्टेशनच्या गृहस्थानें करावें तरी काय? रोजच्या ऐंशी किलोमीटरांसाठीं जुनी जर्मन मोटार घेऊं नये, हें उत्तर हिशेब स्वतःच देतो. तिला महिन्यांतून दोनदां शहरांतील कारागिराकडे उभें राहावें लागलें, तर त्या दिवशीं गृहस्थ पुन्हां आगगाडीच्याच फलाटावर असतो. रोजच्या वाटेला लहान, साधें, गल्लींतल्या मिस्त्रीला ओळखीचें वाहन हवें. पाठीच्या दुखण्यामुळें किंवा घरांतील वृद्धांच्या सोयीसाठीं मोठीच गाडी हवी असेल, तर जपानी पेट्रोल गाडी त्यांतल्या त्यांत शहाणी. आणि कोणाचें मन जर्मन गाडींतच गुंतलें असेल, तर त्यानें आठ लाखांतील सारेच तिच्यावर उधळूं नयेत. पांच लाखांची निवडक, नोंदी पूर्ण असलेली गाडी घ्यावी, उरलेले तीन लाख तिच्याच नांवें बाजूला ठेवावे, आणि तिला रविवारची, लग्नकार्याची, देवदर्शनाची गाडी करावी. वर्षाला चोवीस हजारांऐवजीं चार हजार किलोमीटर चालविली, तर तीच गाडी निराळी वागते. एका वस्तींतून एकाच कारखान्याकडे जाणारे तिघे-चौघे असतील, तर त्यांनीं आळीपाळीनें आपापली गाडी काढावी. खाजगी गाडींत भाडें घेणें कायद्यास मान्य नाहीं. पण आठवड्याचे वार वांटून घेण्यास कोणाची हरकत नाहीं. त्या दीडशें जणांनीं एकजुटीनें खरेदी करून जो फायदा साधला, त्याचा हा गरिबाघरचा अवतार होय.

एक गोष्ट मात्र कोणत्याहि कोष्टकांत बसत नाहीं, आणि तीच सर्वांत मोठी. एखाद्या रात्रीं दोन वाजतां वडिलांच्या छातींत कळ येते. रुग्णालय चाळीस किलोमीटरांवर. त्या क्षणीं अंगणांत उभी असलेली गाडी किती लाखांची आहे, तिच्या नाकावर कोणता तारा आहे, हें कोणी पाहत नाहीं. ती किल्ली फिरवितांच सुरू होते कीं नाहीं, एवढेंच त्या घराला पाहावयाचें असतें. ज्या गाडीच्या पडद्यावर आठवडाभर पिवळा दिवा लुकलुकत आहे, आणि महिनाअखेरीस पाहूं म्हणून ज्याकडे काणाडोळा केला आहे, ती गाडी त्या रात्रीं सुरू होईल असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? दारांत हत्ती झुलणें ही शोभा खरी; पण रात्रीं दोन वाजतां हत्ती उठत नसेल, तर त्यापेक्षां गरीब घोडें बरें.

मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचा प्रश्नहि त्याच अंगणांत उभा आहे. वर्षाला वांचणारे दोन लाख चोपन्न हजार हे मोटारीच्या हिशेबांत केवळ अंतर आहे. त्या मुलीच्या हिशेबांत तें एखाद्या चांगल्या महाविद्यालयाच्या वर्षभराच्या फीचें आणि वसतिगृहाचें नांव आहे. चार वर्षांनंतर जुनी मर्सिडीज असती तर पुन्हां गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी राहिली असती. त्या चार वर्षांत घडलेल्या मुलीला गिऱ्हाईक शोधावें लागणार नाहीं. लहान, स्वच्छ, इमानी गाडी घेऊन हें कुटुंब पहिल्या दिवशीं दाक्षायणीच्या दर्शनाला गेलें, आणि म्हातारे आडत्ये पुढच्या बैठकीवर बसून पेठेंतून गेले, तर त्यांच्या मानेचा ताठा मर्सिडीजमध्यें बसल्यापेक्षां तिळभरहि कमी असणार नाहीं. कारण त्यांनीं जन्मभर दुसऱ्यांचा माल तोलला आहे. कोणत्या वस्तूचें खरें वजन किती, हें त्यांना दुकानदाराच्या चहाशिवायहि कळतें.